एक्केचाळिसाव्या पानावरची कोरी जागा

सॅन अँटोनियो,
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय कोमाद्रे डेल्फिना,

आम्ही बरे आहोत, तूही बरी असशील. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे चोनचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय आणि तरी हा माझा नवरा गॅरेजमध्ये गाड्यांखाली शिरायचं सोडत नाही. उकाडा असा आहे की चर्चमध्ये बायकांची अर्धी प्रार्थना वारा घेण्यातच जाते. अंगणातल्या पेकानला यंदा फळ कमी धरलंय. पॅरिशच्या हॉलचं छप्पर अजून गळतं, आपण सोडलं होतं त्याच कोपऱ्यात.

तुझी आठवण काढतात इथे. परवा टॉर्टियाच्या दुकानात रोसाउरा म्हणाली, "तुझी ती अकॉर्डियनवाली कुठंय गं? लॉस एंजेलिसला जाऊन फार मोठी झाली म्हणे." मी म्हटलं, "मोठी झाली, पण उंची तेवढीच आहे." ती इतकी हसली की मला दोन टॉर्टिया जास्त दिल्या.

तुझं पार्सल मिळालं. पोस्टर बघितलं. चोनने ते फ्रिजवर लावलंय. 'पेकानची टरफलं', खाली 'लेखिका : अंपारो झेर्तुचे'. अक्षर बारीक आहे, पण आहे. दिग्दर्शिका म्हणून तुझं नाव आहे, तेही योग्य. 'आई'ची भूमिका कोण करतंय ते पोस्टरवर नाही. मी करत नाहीये, एवढं मला कळलंय.

चौदा वर्षं मी ती बाई केली, डेल्फिना. ट्रकच्या पाठीवर केली, कांद्याच्या शेताच्या बांधावर केली, युनियनच्या हॉलमध्ये केली. एकदा तर मयताच्या घरी केली, कारण म्हातारीने मरताना तसं सांगून ठेवलं होतं. तेव्हा अकॉर्डियन वाजवायला तूच होतीस. आज मी चोपन्न वर्षांची आहे आणि नाटकातली आई एकोणीस वर्षांची आहे. मला हिशोब येतो. तू फोनवर म्हणालीस, "अंपारो, इथल्या स्टेजवर दिवे सरळ तोंडावर येतात गं." दिवे म्हणे. सुरकुत्या म्हणायची लाज वाटली होय? सरळ सांगितलं असतंस तर मी तुला एक कचकचीत शिवी दिली असती आणि मग ऐकलं असतं.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र एक्केचाळिसाव्या पानासाठी आहे.

माझ्या वहीत तिथे एकच ओळ आहे : 'इथे आई बोलते.' खाली अर्धं पान कोरं. पेकान सोलणाऱ्या बायकांच्या संपात ठेकेदाराचा माणूस संपावर बसलेल्या आईकडे कागद घेऊन येतो. म्हणतो, रेशन वाटायचंय, तुझ्या गल्लीतल्या बायकांची नावं सांग. तिला वाचता येत नाही. ती भाबडेपणाने अकरा नावं सांगते, खाली अंगठा उठवते, आणि दुसऱ्या दिवशी त्या अकरा बायकांना पोराबाळांसकट मेक्सिकोच्या गाडीत कोंबतात. ती अकरा नावं मी कधी लिहिली नाहीत. आपलं नाटक असंच उभं राहायचं. अर्धं वहीत, अर्धं तोंडात. खेळाच्या आधी मी हॉलमधल्या बायकांत बसायची, कॉफी प्यायची, त्यांच्या गावातल्या जुन्या बायकांची नावं विचारून घ्यायची आणि स्टेजवर तीच घ्यायची. आपल्या आजीचं नाव ऐकून लोक धाय मोकलून रडायचे. ऑस्टिनच्या त्या प्राध्यापकबाईंनी ह्याच्यावर लेख लिहिला, 'हे नाटक लोकांचं लोकांना परत देतं' म्हणून. तो लेख फ्रेम करून व्हॅनमध्ये कुणी टांगला होता? तूच ना?

तू पाठवलेल्या छापील प्रतीत ते पान भरलेलं आहे. सगळं भाषण आहे, अकरा नावांसकट. आणि ती नावं कुठल्या गावातून गोळा केलेली नाहीत. ती खरी आहेत. आमच्या गल्लीतली.

कुणी दिली तुला?

तुझ्या थिएटरला नाटक द्यायच्या करारावर सही करायला पेन घेतलं होतं. आधी प्रत चाळावी म्हटलं, त्या पानापर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. उलट टपाली उत्तर दे.

माझी पोर बेलिंडा तिकडे तुझ्यापाशीच आहे, बरी असेल.

तुझी कोमाद्रे,
अंपारो


सॅन अँटोनियो,
२ सप्टेंबर १९९४

डेल्फिना,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी बेलिंडा आली. बसने, तीस तास प्रवास करून, हातात एक पिशवी. दारातच म्हणाली, "आई, मद्रीना म्हणाली मीच येऊन सांगावं." तिची मद्रीना, धर्माची आई, तूच ना. म्हणजे घाण करायची दोघींनी आणि निस्तरायला पोरीला पाठवायचं. शाबास.

एप्रिलपासून मला ती सांगत होती की तुझ्या थिएटरात तिकीट खिडकीवर बसते. दर रविवारी फोन. आज किती तिकिटं गेली, कोण बाई सुट्या पैशांवरून भांडली, सगळं साग्रसंगीत. मी इथे शेजारणींना सांगत होते, माझी मुलगी कामाला लागली. आणि ती तिकडे माझ्या आईचा झगा घालून माझ्या भूमिकेच्या तालमी करत होती. चार महिने, कोमाद्रे. तू तिला बाप्तिस्म्याला हातांत धरलंस, पाद्र्यापुढे उभी राहून म्हणालीस की हिची आई नसेल तिथे मी असेन; त्या दिवसापासून आपण एकमेकींच्या कोमाद्रे. मी होते गं. मी इथेच होते, फोनपासून दोन हातांवर. मला वगळून तू तिची आई झालीस, ह्याला केसाने गळा कापणं म्हणतात.

परकीने केलं असतं तर मी वकील गाठला असता. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिला मी स्वयंपाकघरात बसवलं. राजमा गरम केला, तिने खाल्ला नाही. मी विचारलं, "ती नावं तू चोरलीस माझ्याकडून?"

म्हणाली, "तुझ्याकडून काय चोरणार? तू मला काही दिलंस कधी? चौदा वर्षं विंगेत उभी होते मी, तुझा पाण्याचा ग्लास घेऊन. एकदा तरी म्हणालीस, ये बेलिंडा, आज तू कर?"

"तुला कधी हवं होतं?"

"तू कधी विचारलंस?"

चोन मधे बोलायला गेला, "अगं दोघी जरा..." तर दोघींनी एकदमच त्याला गप्प बसवलं. बिचारा गुडघा घेऊन अंगणात गेला.

मग तिने सांगितलं, आणि ते तुलाही तिने सांगितलं असणार, पण माझ्या तोंडून ऐक. माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, तुला ठाऊक आहे. बेलिंडा तिच्याच खोलीत झोपायची. संध्याकाळी आई जपमाळ हातात घेऊन पुटपुटायची. एकामागून एक बायकांची नावं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला वाटलं, ही संतांची नावं आहेत. प्रत्येक नावापाठोपाठ ती म्हणायची, 'आमच्यासाठी विनंती कर.' आजी नाव घ्यायची, नात म्हणायची आमच्यासाठी विनंती कर. अकरा वेळा. तीन वर्षं. आईने तिला एकदाही थांबवलं नाही. मी पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत असायची आणि मला वाटायचं, चला, पोरगी धर्माला लागली.

म्हणजे नावं तिची आहेत, मान्य. पण ती कागदावर उतरवायचा हक्क तिचा नाही आणि तुझा तर त्याहून नाही. आईने जायच्या आठवड्यात मला जवळ बसवून सगळं सांगितलं आणि शब्द घेतला : "बोल. तुझ्या नाटकात, आपल्या लोकांपुढे तोंडाने बोल. पण लिहू नकोस. जे कागदावर गेलं ते कुठे जाऊन पोचतं ते मी पाहिलंय." मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्या बायकांची पोरं मागाहून परतली, नातवंडं अजून ह्याच गल्लीत आहेत. रोसाउराची आजी त्यातली आठवी. रोसाउरा मला टॉर्टिया जास्त देते. उद्या हे छापून आलं तर मी त्या दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ?

तेव्हा नीट ऐक. मी सही करणार नाही. सोळा तारखेला तुझा पडदा उघडायचा नाही. तुझी चौदा माणसं, तुझे दिवे, तुझी ती फिरती रंगभूमी, काय असेल ते तिथेच राहू दे. नाटक माझं आहे आणि आई माझी होती.

बेलिंडा सकाळच्या बसने परत निघालीय. मी डबा दिला, तिने घेतला.

अंपारो


सॅन अँटोनियो,
९ सप्टेंबर १९९४

डेल्फिना,

पोस्टमनने तुझं पाकीट दिलं तेव्हा मी ओट्यावरच उभी राहून फोडलं. मला वाटलं दोन-चार पानं असतील, शिव्या असतील, मनधरणी असेल. एवढीच ओळ होती : 'पाचवं नाव माझ्या आजीचं आहे. चौदा वर्षं तू माझ्यासमोर तिथे दुसरंच नाव घेत होतीस.'

ओट्यावरच खाली बसले. चोन म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही.

हो. पेत्रोना लुएवानो. तुझ्या आईची आई. मला माहीत होतं.

गावोगावच्या बायकांकडून नावं गोळा करणं, ते लोकांचं लोकांना परत देणं, तो लेख, ती फ्रेम, सगळं त्या एका नावासाठी होतं. पहिल्या खेळाच्या दिवशी, लारेडोच्या हॉलमध्ये, मी तुझं अकॉर्डियन ऐकत विंगेत उभी होते आणि मला कळलं की तू माझ्यापासून चार पावलांवर बसून वाजवणार आणि मला ते नाव घ्यायचंय. जमणार नव्हतं. म्हणून समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीला तिच्या आईचं नाव विचारलं. लोक रडले. तू खेळानंतर मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "कसं सुचलं गं तुला?" मी म्हटलं, सुचलं. त्या दिवसापासून माझी कला म्हणून लोक जे डोक्यावर घेऊन नाचले, ते लपवालपवीचं काम होतं. बक्षिसं मिळाली त्याला. मी घेतली.

तुला व्हॅनमधलं आठवतं? ब्राउन्सव्हिलहून येताना, भर दुपारी, मी चालवत होते, तू पाय वर घेऊन बसली होतीस आणि आईच्या लहानपणाची गोष्ट सांगत होतीस. नऊ वर्षांची तुझी आई, गाडीत कोंबलेली, अंगात एकच फ्रॉक. आजी तिकडे मेक्सिकोत, माँतेरेला खोकून खोकून गेली. तू म्हणालीस, "कुणीतरी नाव दिलं, अंपारो. गल्लीतल्याच बाईने. ती कुठे पुरलीय ते कळलं ना, तर जाऊन थुंकेन." मागे बसलेले सगळे म्हणाले, बरोबर आहे. मीही म्हणाले; नाटकातली आई म्हणजे माझीच आई, हे तुम्हा कुणालाच मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे, कोमाद्रे," आणि रस्त्याकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी आपण दोघी थडग्यांवर फुलं घालायला गेलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. माझ्या आईच्या थडग्यावर झेंडूची फुलं तू रचलीस. तुझा हात चांगला म्हणून मीच तुला सांगितलं होतं.

आई तुला नेहमी सगळ्यांत मोठा तमाले वाढायची. तू तिचं नाव घेऊन चेष्टा करायचीस, "दोन्या फेमियाचं माझ्यावर जास्त प्रेम आहे, तुझ्यावर नाही." ती हसायची नाही, वाढून पाठ फिरवायची. तुझ्याकडे तिने कधी सरळ पाहिलं नाही. तू कुणाची नात हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. तुझं नाक तसंच आहे म्हणे.

आता माझा राग सांगते, कारण तो गेलेला नाही आणि गेला असं मी लिहिणार नाही. बेलिंडाने मे महिन्यात पहिल्या तालमीला ती नावं म्हटली तेव्हाच तुला कळलं. मे, जून, जुलै. तू फोनवर माझ्याशी दिव्यांबद्दल बोललीस, चोनच्या गुडघ्याबद्दल बोललीस. बेलिंडाला तू काही सांगितलं नाहीस, ती पोर अजून तुझ्या आजीचं नाव रोज तुझ्याच तोंडावर घेतेय आणि तिला ठाऊक नाही. मग तू ते पान छापलंस आणि करारासोबत मला पाठवलंस, माझं पेन कुठे थांबतं ते बघायला. सावज टिपतात तसं. विचारायचं होतंस, डेल्फिना. एकदा फोन उचलून म्हणायचं होतंस, अंपारो, ही पेत्रोना कोण? मी खोटं बोलले असते बहुतेक. पण तू विचारायला हवं होतंस. तीस वर्षांच्या मैत्रीत तू मला खोटं बोलायची एक संधी द्यायला हवी होतीस आणि तू मला सापळा लावलास.

आणि माझ्या मुलीला त्यात उभं केलंस. ते मी माफ करणार नाही. तिच्या तोंडून नाव काढून घेतलंस ते काढून घेतलंस, पण तिला न सांगता रोज काढून घेतेस. मी तुझ्याशी जे केलं तेच तू तिच्याशी करतेयस. ह्यावर विचार कर.

करार सोबत जोडलाय. सही केलीय. पडदा उघड. आई बेलिंडाच करू दे, तिला ती येते. अकरा नावं आहेत तशी ठेव. रोसाउराला मी स्वतः काल जाऊन सांगितलं. तिने पीठ मळता मळता ऐकलं आणि म्हणाली, "आता जा." मी आले. पुन्हा त्या दुकानात जाणार नाही, तिने बोलावल्याशिवाय.

पण एक्केचाळिसावं पान अजून पुरं नाही. बेलिंडाला नावं ठाऊक आहेत, त्यांच्या मधलं ठाऊक नाही, कारण आईने ते फक्त मला सांगितलं. तुझ्या प्रतीत आई अकरा नावं सांगते आणि शेवटी म्हणते, 'मला वाचता येत नव्हतं.' मीही चौदा वर्षं तिथेच थांबले. सगळ्या हॉलमध्ये लोक तिथेच रडले. भाबडी बाई, फसवलेली बाई. नाटक त्या ओळीवर चाललं, माझं घर त्या ओळीवर चाललं.

चौथ्या नावानंतर ही जागा भर. ठेकेदाराचा माणूस विचारतो, "हिचा जन्म इकडचा की तिकडचा?" आई थांबते. रेशनला जन्म कशाला हवा, हे न शिकलेल्या बाईलाही कळतं. तिला कळलं. तो म्हणाला, "तूही तिकडचीच ना? मग यादी तुझ्यापासून सुरू करू?" माझा मोठा भाऊ पाच महिन्यांचा होता, तिच्या मांडीवर. हे कारण म्हणून लिहीत नाही, तो तिथे होता म्हणून लिहिते. मग तिने पाचवं नाव सांगितलं. पेत्रोना लुएवानो. शेजारीण, भिंतीला भिंत. तिनेच सकाळी पोरासाठी दूध दिलं होतं. "जन्म?" "तिकडचा." आणि मग सहा नावं सलग, न अडखळता.

शेवटची ओळ खोड. तिच्याऐवजी ही घाल. आईची आहे, शब्द न शब्द, मी माझ्या हाताने लिहितेय : 'वाचता येत नव्हतं. पण चौथ्या नावाला मला कळलं होतं.'

हे बेलिंडाला आधी तू सांग, तालमीच्या आधी, एकटीला बसवून. तुझी आजी कोण तेही सांग. नंतर थुंकायचं असेल तर थडगं तुला माहीत आहे. मी अडवणार नाही, आणि सोबतही येणार नाही.

माझ्यासाठी खुर्ची ठेवू नकोस.

आईला दिलेला शब्द मोडून,
अंपारो झेर्तुचे